फाळक्यावरचा हापूस

फोंडा घाटात पुढे चिऱ्यांनी भरलेला ट्रक लागला की माणसाच्या हाती दोनच गोष्टी उरतात. एक म्हणजे हॉर्न वाजवणं. त्याचा उपयोग शून्य. दुसरी म्हणजे समोर जे लिहिलं असेल ते वाचणं. कुणकेश्वरात घर आणि कोल्हापुरात कामं अशी ज्याची वाटणी झाली आहे, त्या माझ्यासारख्या माणसाचं सगळं वाङ्मयीन आयुष्य या दुसऱ्या गोष्टीवर उभं आहे. देवगड-निपाणी रस्त्यावर चढ सुरू झाला की पुढचा ट्रक पहिल्या गिअरात जातो आणि मी वाचनात. दाजीपूर येईपर्यंत त्याचा फाळका मला तोंडपाठ झालेला असतो. कुणी साहित्यप्रेमी भेटतात आणि विचारतात, "काय, अलीकडे काय वाचलंत?" मी प्रामाणिकपणे सांगतो, "एमएच शून्य नऊ."

पण फाळक्यावर मजकूर तो किती? आईचा आशीर्वाद, एक हॉर्न, एक प्लीज, अंतर ठेवा, पुन्हा भेटू. दोन वळणांत संपतो. मग माणूस चित्रांकडे वळतो. चित्रं संपली की किनारीकडे. किनार संपली की लाल आणि पिवळा जिथे भेटतात तिथे पेंटरचा हात कसा वळलाय, इकडे. समीक्षक असेच जन्माला येत असणार. पुढचा हलत नाही आणि मागे जाता येत नाही, अशा अवस्थेत.

हळूहळू हा नाद घाटातून खाली उतरून घरापर्यंत आला. आता मी तिठ्यावर चहा प्यायला जातो असं सांगून ट्रक बघायला जातो. गाडी लांबून दिसली की नंबरप्लेट बघण्याआधी ती कुठली ते ओळखायचं, हा माझा खेळ. समोर राक्षसाचा जिभल्या चाटणारा मुखवटा आणि त्याखाली लिंबू असलं तर तमिळनाडू. कपाळावर धबधबा, खाली जलपऱ्या आणि सगळ्या धर्मांची चिन्हं एका ओळीत गुण्यागोविंदानं बसलेली असली तर केरळ. मोर, कमळ, काळे गोंडे आणि इतकी नक्षी की दार कुठलं ते ड्रायव्हरलाही शोधावं लागावं, तर राजस्थान. टपावर पंख पसरलेला गरुड असला तर पंजाब. आणि पुढच्या काचेवर मुलांची नावं, त्यावर महाराज, त्यावर देव, देवावर दिवे आणि दिव्यांवर पुन्हा मुलांची टोपणनावं असली, तर गाडी आपल्याच माणसाची.

घरी या व्यासंगाची कदर नाही. "लोकांचे घोव पक्षी बघूक जातत," आमच्या घरातून माजघरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं जातं, "माझो घोव ट्रक बघूक जाता." मी एकदा समजावून सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, "अगं, इंग्लंडात एडी स्टोबार्ट नावाची वाहतूक कंपनी आहे. हिरव्या, लाल आणि सोनेरी रंगाच्या गाड्या. प्रत्येक गाडीला बाईचं नाव. पहिलीचं नाव ट्विगी. तिथले लोक रस्त्याकडेला उभं राहून कुठली बाई गेली ते वहीत लिहून घेतात. त्यांचा क्लब आहे!"

"म्हंजे रस्त्यार उभे ऱ्हवान बायकांची नावा लिवन घेतत?"

त्यानंतर जपानमधल्या दिव्यांनी मढवलेल्या डेकोतोरा ट्रकांचा विषय मी काढला नाही.

महाशिवरात्रीची यात्रा हा माझा मोठा सण. भाविक देवळाच्या रांगेत उभे असतात. गावोगावच्या देवांच्या पालख्या समुद्रस्नानाला येतात. आणि मी ज्या माळावर गाड्या लावतात तिथे प्रदक्षिणा घालत असतो. आकाशपाळण्याचे लोखंडी पाय घेऊन आलेले ट्रक, खेळण्यांचे, भांड्यांचे, कलिंगडांचे. घाटावरची निम्मी चित्रकला त्या चार दिवसांत अरबी समुद्राला पाठ करून उभी असते. एका गाडीची किनार मला इतकी आवडली की मी वाकून, चष्मा काढून, पुन्हा घालून ती बघू लागलो. ड्रायव्हर टपावर झोपला होता. तो उठून बसला.

"सायेब, आरटीओ?"

"नाही."

"जीएसटी?"

"नाही हो."

"मग पेपरवाले?"

"छे! मला तुमच्या गाडीची बॉर्डर आवडली."

त्यानं क्लीनरला हाक मारली. "आरं, पाण्याची बाटली आण. पाव्हण्यास्नी ऊन लागलंय."

सरकारला मात्र ट्रकच्या रंगाचं गांभीर्य माझ्याइतकंच आहे, हे सांगितलं पाहिजे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, देशभर फिरायचा परवाना असलेल्या मालट्रकचा रंग कोणता असावा हे ठरवून दिलं होतं: वाळक्या पानाचा तपकिरी, भोवती तीस सेंटिमीटरची पांढरी किनार. घातक माल नेणाऱ्या टँकरला पांढरा रंग, मधोमध पाच सेंटिमीटरची तीच वाळक्या पानाची फीत आणि ड्रायव्हरची केबिन नारिंगी. एवढं रसिक वाक्य सरकारी कागदात दुसरं नसेल. एरवी "सदर", "उपरोक्त" आणि "तत्सम" यांच्यात दिवस काढणाऱ्या कुणा कारकुनानं एका दुपारी खिडकीबाहेर बघितलं, झाडावरून पान पडताना दिसलं आणि त्यानं ते नियमात घालून टाकलं. वरच्या साहेबाचं लक्ष नव्हतं. सही झाली.

हा नियम मी तिठ्यावर कौतुकानं सांगितला. वाटलं, लोक वा म्हणतील.

"खंयच्या पानाचो?" एकानं विचारलं.

"म्हणजे?"

"सुक्या पान म्हंजे खंयच्या झाडाचा? आंब्याचा येगळा, फणसाचा येगळा. काजीचा पान सुकला काय लालसर दिसता."

"वडाचा तर करडाच," दुसरा.

"आणि सागाचा? साग धरूकच नको. सागाचा पान भिजला काय रंगच सोडता."

मग अर्धा तास झाडांवर गेला. नियम करणाऱ्यानं दिल्लीत बसून केला आणि तिथे आंबा नाही, हा दोष सर्वानुमते ठरला. माझा मुद्दा होता की त्या नियमामुळे देशभरच्या लाखो गाड्या एका रंगात आल्या. मग जीव नकोसा झालेल्या पेंटरांनी आपली सगळी हौस उरलेल्या फाळक्यावर, टपावर आणि डिझेलच्या टाकीवर काढली. हा मुद्दा मला अजून मांडायचा आहे. फणसाचं पान नेमकं कुठल्या महिन्यात गळतं, याचा निकाल लागल्यावर मांडीन.

मिलिटरीचा हिरवा रंग मात्र साध्या गाडीला चालत नाही. तो फक्त संरक्षण खात्याचा, असंही त्याच नियमांत आहे. ट्रकला एकदा मिलिटरी रंग द्यायचा, मग कोण अडवतोय बघू, असा बेत आमच्याकडे प्रत्येक पिढीतला एक तरी माणूस करतो. त्याच्यासाठीच ते लिहिलेलं असावं.

आणि ते "हॉर्न ओके प्लीज". त्यातला ओके कुठून आला, यावर आमच्या तिठ्यावर दोन पंथ आहेत. एक पंथ म्हणतो, दुसऱ्या महायुद्धात डिझेल मिळेना म्हणून ट्रक रॉकेलवर चालत. मागच्यानं जपून राहावं म्हणून "ऑन केरोसीन" लिहीत, त्याची ही आद्याक्षरं. दुसरा पंथ म्हणतो, टाटांच्या तेल गिरणीचा ओके नावाचा साबण होता, त्याची ही फुकट जाहिरात. शेजारचं कमळ हा त्याचा पुरावा. मी एका पेंटरलाच विचारलं. तो ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवत म्हणाला, "हॉर्न डाव्या बाजूला, प्लीज उजव्या बाजूला. मध्ये जागा मोकळी ऱ्हातीया. तिथं काय तरी नको?" मी तेव्हापासून या तिसऱ्या पंथाचा एकमेव सभासद आहे. २०१५ साली महाराष्ट्राच्या परिवहन खात्यानं या शब्दांवर बंदी घातली. कारण, त्यामुळे लोक विनाकारण हॉर्न वाजवतात. म्हणजे तोवर आपण वाजवायचो ते फाळक्यानं इतक्या अदबीनं विनंती केली म्हणून. बंदीनंतर आपण ते स्वयंस्फूर्तीनं वाजवतो.

आता तर तोही प्रश्न राहिला नाही. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली. काचा वर, गार हवा, आत गाणी. मागून कुणी हॉर्न वाजवला काय आणि शंख फुंकला काय. ड्रायव्हरचे हाल कमी झाले हे उत्तमच झालं. पण केबिन कारखान्यातून तयार येते, पांढरीशुभ्र. त्या केबिनवर ब्रश टेकवायला मालकाचं मन होत नाही आणि मालकाच्या मुलाचं तर मुळीच होत नाही.

तर मालकाच्या मुलाकडे येऊ.

आमच्या शेजारच्या आबांनी आंब्याच्या हंगामासाठी नवा सहाचाकी ट्रक घेतला. केबिन कंपनीची, हौदा घाटावर बांधून घेतलेला. हौद्याला नुसता लाल प्रायमर मारलेला होता. अशा अवस्थेत गाडी दारात येऊन उभी राहिली आणि त्या दिवसापासून गावात कुणाला दुसरं काम उरलं नाही.

मुलाचं म्हणणं, सगळी गाडी पांढरी ठेवायची. बाजूला फक्त निळ्या इंग्रजी अक्षरांत आडनाव आणि पुढे "लॉजिस्टिक्स".

आबांनी विचारलं, "ता काय आसता?"

"वाहतूक, बाबा. वाहतूकच."

"मगे वाहतूक लिव. आणि पांढरो रंग कित्याक? ही काय शववाहिका?"

विषय तिथे संपला. मुलगा मुंबईला नोकरीत आहे; त्याला दर महिन्याला असं काही तरी ऐकून घ्यायची सवय आहे.

पेंटर कोल्हापूरचा. तिकडची ही परंपरा जुनी आहे. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव मेस्त्रींना लोक बाबूराव पेंटर म्हणू लागले आणि त्याच माणसानं पुढे सिनेमा काढला. आमच्या पेंटरचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता, पण कॉलर तशी होती. पुट्टी, पॉलिश पेपर, डबे, दोऱ्या आणि एक कानाला लावलेली पेन्सिल एवढं घेऊन तो आला आणि आबांच्या मांगराला स्टुडिओची कळा आली. मला बोलावणं आलं ते शिकलेला माणूस म्हणून. शुद्धलेखन बघायचं होतं.

पहिला प्रश्न देवांचा. केबिनच्या माथ्यावरच्या पाटीवर "श्री देव कुणकेश्वर प्रसन्न" यावर मतभेद नव्हता. पण मग कुलदैवत कुठे? आबांच्या बायकोचं, म्हणजे काकींचं, माहेर मसुऱ्याचं, तेव्हा आंगणेवाडीची भराडीदेवी वगळून गाडी घाट चढेल, हे त्यांना मान्य नव्हतं. ग्रामदेवता तर हवीच. शेवटी रस्ता तिच्या हद्दीतून सुरू होतो. पाटीची लांबी ठरलेली. देव वाढत चालले. प्रत्येक नव्या देवाबरोबर अक्षर लहान होत गेलं. शेवटी पेंटरनं आपल्या पदरचा जोतिबा एका कोपऱ्यात फुकट घातला, तेव्हा आबा अस्वस्थ झाले. "फुकटच्या देवाक वर नको घालू. बाकीचे रागावतीत."

दुसरा प्रश्न मुलांच्या नावांचा. गाडी आबांची, पण पैशात धाकट्या भावाचा वाटा. दोन्ही घरची मिळून नातवंडं बरीच. वयानुसार लावावीत तर धाकट्याची सगळी मागे जातात. अक्षरानुसार लावावीत तर आबांची एक नात एकटीच "ज्ञ" वर जाऊन बसते. तोडगा असा निघाला की आबांची नातवंडं ड्रायव्हरच्या बाजूला आणि धाकट्याची क्लीनरच्या बाजूला. धाकट्याच्या बायकोला हे दुपारपर्यंत पटलं होतं. दुपारी कुणी तरी तिला सांगितलं की क्लीनरच्या बाजूचं दार सारखं उघडं असतं, नावं दिसतच नाहीत.

मागे मोठ्या अक्षरांत "आई-वडिलांचे आशीर्वाद" आलं. बँकेचं नाव, जिच्या आशीर्वादानं गाडी प्रत्यक्षात दारात उभी होती, ते दाराखाली, मुंगीला वाचता येईल अशा अक्षरात.

इथे माझं शुद्धलेखन कामाला आलं. पेंटरनं "आशिर्वाद" काढला होता. मी म्हटलं, "शी दीर्घ."

"ऱ्हस्वच बरा दिसतोय की."

"दिसण्याचा प्रश्न नाही. दीर्घच असतो."

पेंटरनं दोन पावलं मागे जाऊन फाळक्याकडे एक डोळा मिटून बघितलं. "गुरुजी, दीर्घ काढला तर येलांटी दिव्यावर येतीया. मग आशीर्वाद देऊ का बरीक देऊ?"

"ब्रेक लाइट हवाच," आबा म्हणाले. वडिलांचा आशीर्वाद ऱ्हस्व राहिला. मराठी भाषेसाठी मी याहून जास्त काही करू शकलो असतो असं वाटत नाही.

मग आला मुख्य विषय. हौद्याच्या दोन्ही बाजूंना आणि फाळक्याच्या मधोमध आबांना आंबा हवा होता. हापूस. देवगड हापूस. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात आमचा जिल्हा आहे. हल्ली आंब्यावर क्रमांकाचं स्टिकरही लागतं, परराज्यातलं फळ देवगडचं म्हणून खपू नये म्हणून. इतकी तटबंदी असताना गाडीवर आंबा चुकीचा येऊन चालणार नव्हतं.

पेंटरनं सकाळी आंबा काढला. झकास काढला. पिवळा, गुबगुबीत, वर दोन हिरवी पानं, गालावर लालीचा फटका, आणि खाली जरा वळवलेलं टोक. लांब उभा राहून तो खूश होऊन बघत होता. तेवढ्यात दूध घालून परतणारा एक जण थांबला.

"पेंटर, तोतापुरी बरो काढलास."

मांगरात शांतता पसरली.

"हापूस हाय त्यो," पेंटर म्हणाला.

"हापूसाक चोच खंय आसता? ह्येका चोच काढलंस तू. ह्यो पोपट."

बातमी वाडीत पोचायला वेळ लागला नाही. दहाच्या सुमारास तिथे जेवढी माणसं होती, तेवढी ग्रामसभेला कधी नसतात. कोकणात तुम्ही माणसाच्या मुलाला नावं ठेवा, नेत्याला ठेवा, नाटकात तर नटाच्या तोंडावर ठेवा. पण चुकीच्या आंब्याला हापूस म्हणू नका. ज्याच्या परसात दोन कलमं आहेत तो बोलला. ज्याची कलमं भावानं वाटणीत घेतली तो जास्त बोलला. चोच काढून टाकली. मग एकाला खांदा पडलेला दिसला. "देठाकडे वायच उंच होयो. ह्यो उतरतो खांदो पायरीचो." खांदा उंच केला. गालावरची लाली काढून टाकली, कारण लाल गाल पायरीचे. हापूस केशरी होतो, लाजत नाही. मग तो फार पिवळा दिसू लागला. पिवळा म्हणजे औषध मारून पिकवलेला. आबांनी आयुष्यात कधी औषध मारलं नव्हतं. गाडीवरही मारू देणार नव्हते.

"मॉडेल आणा," पेंटर म्हणाला. त्याचा आवाज पहिल्या दिवसाचा राहिला नव्हता. "समोर फळ ठेवा. मग बगतो कोन नाव ठेवतोय."

हे सोपं नव्हतं. शिवरात्र जवळ आलेली. झाडावर होत्या त्या कैऱ्या. पण देवगड बाजारात कुणाकडे तरी पहिल्या काढणीची पेटी निघाली होती. आबांनी एक फळ आणलं. त्या एका फळाची किंमत त्यांनी काकींना अजून सांगितलेली नाही. ते पेंटरच्या समोर डब्यावर ठेवलं. पेंटरनं पेन्सिल कानावरून काढली, अंगठा पुढे धरून माप घेतलं, रंग कालवला आणि चहा घ्यायला गेला. परत आला तेव्हा डब्यावर बाठ होती.

क्लीनर नवा होता. बिहारचा. त्याला वाटलं, नाश्ता ठेवलाय. आबा त्याच्यावर ओरडायला तोंड उघडणार, तेवढ्यात तो हात जोडून म्हणाला, "मालिक, ऐसा आम जिंदगी में नहीं खाया." आबांचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यांनी त्याला विचारलं, "खरंच? साल पातळ था ना?" पुढे दोघं दहा मिनिटं त्या आंब्याबद्दलच बोलत होते.

फळ गेलं. मग कुणी तरी गेल्या वर्षीचा पुठ्ठ्याचा बॉक्स आणला. म्हणे यावर छापलेला बघून काढ. बॉक्सवरचा आंबा नीट बघितला, तर त्याला चोच होती. गावातल्या सगळ्यांनी वर्षानुवर्षं त्या बॉक्सांतून हापूस पाठवला होता. तो विषय कुणी वाढवला नाही. बॉक्स उपडा करून त्यावर बसायला दिलं.

शेवटी पेंटरनं सूचनेबरहुकूम काम करायचं ठरवलं. जो जे सांगेल ते. इथे फुगव, फुगवला. तिथे दाब, दाबला. थोडा हिरवा राहू दे, राहू दिला. डाग? झाडावरच्या फळाला डाग असतोच, घातला. डाग कशाला, गिऱ्हाईक काय म्हणेल? पुसला. संध्याकाळपर्यंत सर्वांचं समाधान झालं, म्हणजे सर्वांना घरी जायची वेळ झाली. पेंटर बोलत नव्हता. दिवे लागायच्या सुमाराला देवळातून परतणाऱ्या एक म्हाताऱ्या आजी काठी टेकून थांबल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि कौतुकानं म्हणाल्या, "भोपळो मातर बरो काढल्यान हां."

त्या रात्री पेंटरनं जेवताना सोलकढीची तिसरी वाटी मागितली आणि जाहीर केलं की त्याला सुट्टी हवी आहे.

राहिलेलं काम त्यानं भराभर उरकलं. टपाच्या कपाळावर त्यानं आपल्या मनानं देखावा काढला, त्यात कुणाला लक्ष घालू दिलं नाही. निळे डोंगर, मागून उगवणारा सूर्य, नदी, होडी, झोपडी, नारळाची दोन झाडं आणि नारळाच्या मागे बर्फाची शिखरं. मी विचारलं, "बर्फ कुठून आला?" तो म्हणाला, "पांढरा रंग उरला हुता." त्याच्या पलीकडे खराखुरा समुद्र, खरे माड आणि अगदी पाण्याला टेकलेलं कुणकेश्वराचं देऊळ दिसत होतं. त्यानं तिकडे आठवडाभरात मान वळवून बघितलं नव्हतं. कामावरच्या माणसाला सवड नसते.

आणि तरीही सांगतो, गाडी देखणी झाली. माझ्या यादीत ती वर आहे. वाळक्या पानाची नव्हे. टोमॅटो लाल, त्यावर पिवळी किनार, किनारीत हिरवी वेल, आणि वेलीच्या प्रत्येक वळणावर त्यानं एक टिंब असं ठेवलं होतं की घाटात मागे अडकलेल्या माणसाचं भलं व्हावं. कणकवलीच्या फलाटावर तुतारी एक्स्प्रेसची वाट बघत असताना मी कोकण रेल्वेची रो-रो गाडी बघितली आहे. १९९९ पासून कोलाड ते वेर्णा ट्रकच रेल्वेवर चढून जातात. एकामागून एक पंचवीस प्रांतांचे रंग डोळ्यांसमोरून निघून जातात आणि एकाचंही काही वाचून होत नाही. त्या रांगेत आबांची गाडी असती, तर तेवढी एक मला दिसली असती याची खात्री आहे. भोपळ्यासकट.

एप्रिलात पहिला भरणा झाला. संध्याकाळी पेट्या चढल्या. हौदा गच्च भरला. नारळ फुटला. वाडीतली सगळी समिती हजर होती. ज्यानं चोच काढायला लावली तोही आणि ज्यानं खांदा उंच केला तोही. सगळे आपापला भाग दाखवत होते. मग ड्रायव्हरनं ताडपत्री टाकली. रात्रभराचा प्रवास, वर दव, म्हणून ती दोन्ही बाजूंनी पार खालपर्यंत ओढली, मागे फाळक्यावरून घेतली आणि दोरीनं आवळून हुकांना बांधली. गाडीवर आता केबिन पांढरी, ताडपत्री काळी, एवढंच दिसत होतं. मुलगा सुट्टीवर आला होता. तो काही बोलला नाही; त्याचा तो एक गुण आहे.

"आंबो दिसणा नाय," कुणी तरी म्हणालं.

"वाशीक ताडपत्री काढल्यार दिसतलो," आबा म्हणाले.

"फाटेक? कोण बघतलो?"

"हमाल आसतत मां!"

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरचा फोन आला तेव्हा मी आबांच्या ओट्यावर होतो. माल पोचला, भाव बरा लागला, टायर ठीक आहेत. मग आबांनी उगाचच घसा साफ केला आणि विचारलं, "हमाल काय बोलले काय रे? चित्राबद्दल?"

फोनवरचा आवाज मलाही ऐकू आला. "बोललं की. इचारत व्हते, आंबा कवा धरनं पाठवाय लागला? तुमची गाडी पपईची न्हवं?"

आबांनी फोन खिशात ठेवला. समुद्राकडे बघितलं. मग म्हणाले, "फुडल्या वर्साक आंबो पुसान टाकूया. म्हादेवच काढूया. देवाक कोण नावा ठेवणा नाय."

कल्पना मला आवडली. काकींनाही आवडली. दुपारपर्यंत दुधवाल्यालाही आवडली. फक्त त्यानं विचारलं की महादेवासमोर नंदी काढायचा तो खिल्लार की आपल्याकडचा कोकण कपिला. पेंटर कोल्हापूरचा, म्हणजे तो खिल्लारच काढणार, लांब शिंगांचा. संध्याकाळी सहाला तिठ्यावर बैठक आहे. मला बोलावणं आलंय, शिंगांचं माप बघायला.